अक्का, गाडीत दम आहे

रविवार, तुझ्या तेराव्यानंतरचा पहिला. रक्कम अडतीस हजार. हजर मी, तुझी सून वैशाली आणि गफार मिस्त्री. तुझा अभय पुण्याहून फोनवर.

अक्का, रक्कम तुझ्या गाडीची आहे. जुन्या गाड्या घेणारा एक नांदेडचा व्यापारी कुणाच्या तरी ओळखीनं आला, शेडमधल्या गाडीवरची चादर उचलून पाहिली, चावी मागून गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत बंद केली. इंजिन गेलं आहे, म्हणून अडतीस, असं त्यानं अभयला सांगितलं. इंजिन धड असतं तर लाखाला हात लावला असता, असंही म्हणाला. अभयनं हो म्हटलं. सोमवारी येऊन तो गाडी ओढून नेणार होता.

वैशालीला ती गाडी हवी होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अभय पुण्यात, ती इथं परभणीत, पोरीची शाळा जिंतूर रोडला, आणि तिला पुढं उभं करून स्कूटीवर जाणं-येणं. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू असताना दुसरी गाडी होणार नाही हे तिला माहीत आहे. ही गेली म्हणजे गेलीच. शनिवारी तिनं मला मानवतला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "मामा, गाडी विकू नका असं मी म्हणत नाही. पण इंजिन गेलं म्हणायलेत तर कशानं गेलं ते तरी बघावं का नको? तुम्ही आकड्यांचं माणूस."

तुझ्या घरात मला आकड्यांचं माणूस म्हणतात ते तुझ्यामुळं. तू ते कौतुकानं म्हणत नव्हतीस.

रविवारी सकाळी मी एसटीनं आलो. मी एसटीनं आलो हे मुद्दाम लिहितो, कारण गाडीवरून आपला जो वाद चालला त्यात तुझा शेवटचा मुद्दा नेहमी तोच असायचा. ज्याला गाडी चालवता येत नाही त्यानं गाडीबद्दल बोलू नये. तू कापसाच्या गाठी मोज, म्हणायचीस. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, गाठी मोजत नाही, हे मी तुला अनेकदा सांगितलं होतं.

माझा मुद्दा साधा होता. निवृत्त झाल्यावर तू गाडी घेतलीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलीस, लायसन्स काढलंस. तोपर्यंत ठीक. पण नंतर ती चालवलीस किती? दसऱ्याला शेडमधून फाटकापर्यंत, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, ओवाळणं, आणि उलटी परत शेडमध्ये. बाजारात जायचं तर रिक्षा, कारण पार्किंग मिळत नाही. दवाखान्यात रिक्षा, कारण गुडघा दुखतो. लग्नाला एसटी, कारण रस्ता खराब. अकरा वर्षांत गाडी साडेसात हजार किलोमीटर फिरली, आणि त्यातले बहुतेक पहिल्या दोन वर्षांतले. गेल्या भाऊबीजेला मी म्हणालो की उभी राहून राहून ती मरायलीय, विकून टाक. तू ताम्हण खाली ठेवलंस. उभी कुठं आहे, मी दर आठवड्याला चालू करते, असं म्हणालीस. चालू करणं आणि चालवणं यात फरक आहे, मी म्हणालो. तू म्हणालीस, "दम धर बाळू. माझ्याआधी न्हाई मरत ती."

तेव्हाही ती घाटावरच्या टेंपोसारखी कण्हतच चालू व्हायची. सकाळी पाचसहा वेळा चावी फिरवावी लागायची आणि चालू झाली तरी फाटकाजवळच्या चढाला ओढायची नाही. तू म्हणायचीस पेट्रोल खराब मिळालं. मी म्हणायचो इंजिन गेलं. दोघांपैकी कुणी तपासलं नव्हतं.

गफार मिस्त्रीचं गॅरेज वसमत रोडला आहे, तुझ्या हयातीत तो या घरी कधी आला नव्हता. त्यानं गाडी चालू करून आवाज ऐकला, एक्झॉस्टच्या नळीला तळहात लावला आणि म्हणाला, "चालू व्हायलीय, पण दम न्हाई."

मी विचारलं, दम म्हणजे काय ते सांगा.

त्यानं समजावलं ते असं. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात दट्ट्या वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. जेवढी दाबली जाईल तेवढी ताकद. दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजल्या किंवा वरचा व्हॉल्व्ह नीट बसला नाही की हवा निसटते. मग गाडी कण्हते. पुस्तकात त्याला कॉम्प्रेशन म्हणतात, गॅरेजात दम. किती दम आहे हे मोजायचा काटा असतो, दीडशेच्या वर दाखवला की बरं.

मोजता येतं हे कळल्यावर मला बरं वाटलं. आपल्या वादात इतक्या वर्षांत मोजता येण्यासारखं काही निघालं नव्हतं.

गफारनं इंजिन गरम आहे तोवर चारही प्लग काढले. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडली, म्हणजे गाडी चालू होणार नाही, नुसती फिरेल. पहिल्या भोकात काटा बसवला. वैशाली चावी फिरवायला तुझ्या जागेवर बसली. तुझी उशी अजून सीटवर होती, ती तिनं काढून मागं ठेवली, मग पाय पोचेनात म्हणून... नाही, हे चुकीचं लिहिलं. पाय पोचत होते, समोरचं दिसेना म्हणून उशी परत घेतली. ती तुझ्याएवढीच उंच आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पहिला नव्वद. दुसरा पंच्याण्णव. तिसरा पंच्याऐंशी. चौथा नव्वद.

गफारनं काटा पुसला. "खल्लास. चारी बसले साहेब. खोलावं लागंल. खोलायचं तर गाडीच्या किमतीइतका खर्च." अभय फोनवर होताच. तो म्हणाला, मग देऊन टाकू, मामा. त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. आई गेल्यावर प्रत्येक वस्तूचं काय करायचं हे त्यालाच विचारलं जातंय, एक प्रश्न तरी मिटला असं त्याला वाटलं असावं. वैशाली गाडीतून उतरली नाही. चावीवरचा हात तिनं काढला नाही.

मला ते आकडे पटेनात. अक्का, ते चुकीचे होते असं मला कळलं नव्हतं, मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण आमच्याकडं एखाद्या दिवशी आलेल्या सगळ्या गाड्यांचा कापूस सारख्याच फरकानं कमी भरला तर आम्ही शेतकऱ्यावर संशय घेत नाही, वजनकाट्यावर घेतो. चार सिलिंडर एकाच मापानं झिजतील कसे? मी गफारला तसं म्हणालो. तो म्हणाला काटा नवा आहे. मी म्हणालो, काटा नवा असेल, मोजणं बघा.

तो जरा चिडला, पण वैशालीला म्हणाला, परत फिरवा. मग बॉनेटमागून वाकून त्यानं आत बघितलं. "ताई, पाय कुठं हाय तुमचा?"

पाय खाली होता. ॲक्सिलरेटरवर ठेवायचा असतो, तोही पूर्ण दाबून, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तो सांगायला विसरला होता. "दाबा की. हवाच न्हाई आत गेली तर दाबंल काय?" असं म्हणून तो स्वतःच हसला. शिवाय बॅटरी मरगळलेली. त्यानं त्याच्या जीपची बॅटरी जोडली. आता इंजिन भराभर फिरलं.

पहिला एकशे पासष्ट. दुसरा एकशे साठ. तिसरा एकशे पाच. चौथा एकशे पासष्ट.

म्हणजे तीन चांगले, एक पडलेला. मग त्यानं सिरिंजनं तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजलं. एकशे पंचेचाळीस. ऑइलनं दम वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, असं त्याचं शास्त्र. रिंगा होत्या. पण साडेसात हजारात रिंगा झिजत नाहीत, हे त्याला खटकलं. झिजल्या नाहीत, चिकटल्यात, म्हणाला. काजळीनं. त्यानं ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकासमोर धरली. पेट्रोलचा वास येत होता.

"मोठ्या बाई गाडी वापरायच्या कशा?" त्यानं विचारलं.

वैशाली म्हणाली, "वापरायच्या कुठं. दर गुरुवारी सकाळी चालू करायच्या. पंधरा-वीस मिनिटं. आत बसून मामांशी बोलायच्या."

मी म्हणालो, माझ्याशी?

"म्हणजे काय. आईंचा गुरुवारचा फोन तुम्हालाच ना. काचा वर करून बसायच्या. तुमचं बोलणं संपलं की गाडी बंद."

अक्का, इथं मला थोडा वेळ लागला.

गुरुवारी सकाळी तुझा फोन यायचा तेव्हा मागं घरघर ऐकू यायची. मी एकदा विचारलं होतं, तू म्हणालीस मोटर लावलीय. मी पाण्याची समजलो. मला कामावर जायची घाई असायची, मी ठेवू का म्हणालो की तू म्हणायचीस, दम धर, अजून गरम झाली न्हाई. इतकी वर्षं मला वाटायचं, शेगडीवर आमटी आहे. मी घरी तसं सांगायचोही, अक्का आमटी गरम होईपर्यंत बोलते. एकदा तुला विचारलंसुद्धा, झाली का आमटी, आणि तू खूप हसलीस. हसण्याचं कारण मी विचारलं नाही.

गुरुवारी तुझा उपवास असायचा. लग्नाच्या आधीपासून. उपवासाच्या दिवशी कुठली आमटी? हिशेबात एवढी ढोबळ चूक मी दुसऱ्या कुणाची चालू दिली नसती.

गफारला यातलं काही माहीत नव्हतं. तो त्याचं सांगत होता. थंड गाडी चालू केली की ती जास्त पेट्रोल पिते, जागेवर उभी असली की ते पुरतं जळत नाही. थोडं ऑइलमध्ये उतरतं, थोड्याची काजळी होते, काजळीत रिंग बसते. ओझं ओढलं की काजळी जळून जाते, पण ओझं ओढायला गाडी शेडबाहेर काढावी लागते. नुसती चालू करून ठेवण्यापेक्षा नुसती उभी ठेवली असती तर परवडलं असतं, असं तो म्हणाला.

तर निकाल हा असा आहे. उभी राहून मेली, हा माझा मुद्दा चुकला. चालू केल्यानं जगते, हा तुझाही चुकला. ती आपल्या बोलण्यानं आजारी पडली. मला हे तुला सांगायचं होतं, आणि सांगायचा वार गुरुवारच होता. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. वाद आपला होता.

गंगाखेडची गोष्ट वैशालीला माहीत नव्हती, ती मी तिला त्या दुपारी सांगितली. गाडी नवी होती. तुला गोदावरीपलीकडं जायचं होतं, मला डाव्या सीटवर बसवून घेऊन गेलीस. उसाचा हंगाम चालू होता. पुलावर तू वेग कमी करून पर्समध्ये नाणं शोधायला लागलीस, गंगेत टाकायला. मी म्हणालो पुलावर थांबू नको. तू म्हणालीस थांबत नाही, आणि गाडी बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा, त्याच्या मागं आणखी. हॉर्न. शेवटी ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "बाई, सरका, मी काढून देतो."

तू काच दोन बोटं खाली केलीस. "दम धर बाबा. माझी गाडी हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेब, तुमी तरी घ्या की."

मी म्हणालो, मला येत नाही. तो जो हसला, ते मी विसरलो नाही. पण तू तोवर गाडी चालू केली होतीस. तीन गावं गेल्यावर म्हणालीस, नाणं राहिलं. येताना टाकू. येताना अंधार पडत आला होता आणि तुला अंधारात चालवायची भीती वाटत होती, मी आठवण करून दिली नाही. त्यानंतर तू लांब कुठं गेली नाहीस. गुडघ्याचं कारण तू पुढं सांगायला लागलीस, पण गुडघा नंतरचा आहे. हे मी तुझ्यासमोर कधी म्हणालो नाही.

वैशालीनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, त्यांना परत जायचं होतं का. मी म्हणालो, चारठाण्याची देवळं दाखवायला मला गाडीनं नेणार होती, दर दिवाळीला म्हणायची.

गफारनं दोन वाटा सांगितल्या. इंजिन खोलायचं, किंवा तिसऱ्या सिलिंडरात रिंगा सुटायचं औषध ओतून दोन दिवस तसंच ठेवायचं, मग ऑइल बदलायचं आणि गाडी रस्त्यावर दाबून पळवायची. सुटली रिंग तर सुटली, खात्री नाही. अभय म्हणाला, व्यापारी सोमवारी येतोय. मी त्याला म्हणालो, दोन दिवस थांबव त्याला. अभय म्हणाला, मामा, तुम्हीच तर आईला विकून टाक म्हणत होता. मी म्हणालो, तेव्हा मोजलं नव्हतं.

वैशालीनं फोन घेतला आणि शेडच्या टोकाला गेली. बोलणं मी ऐकलं नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "हो म्हणाले. फोडून काढलं मी त्यांना." आणि मग तिला रडू आलं. तुझ्या तेराव्यापर्यंत ती रडलेली मी पाहिली नव्हती. पाहुण्यांचं जेवणखाण तिच्याकडं होतं.

तिसऱ्या दिवशी मी परत आलो. गफारनं ऑइल बदललं, प्लग नवे टाकले. चालू केल्यावर इतका पांढरा धूर निघाला की शेजारच्या बाई गच्चीवरचे कपडे काढायला धावल्या. धूर ओसरला. गफारनं वैशालीला सांगितलं, गंगाखेडच्या रस्त्याला काढा, लगेच वरच्या गिअरला जाऊ नका, तिसऱ्यात ओढा, आवाज आला तर येऊ द्या. आणि इथून पुढं उभ्या उभ्या गरम करायची नाही. चावी फिरवली की निघायचं.

म्हणजे ती पंधरा मिनिटं आता कुणालाच नाहीत. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं.

वैशाली चालवत होती, मी डाव्या सीटवर. ती क्लासात शिकली होती, पण याआधी तिनं गाडी शहराबाहेर काढली नव्हती. तिचे दंड ताठ होते. गाडी पहिली काही किलोमीटर तशीच कण्हत होती, आणि मला वाटलं अडतीस हजार बरे होते. पोखर्णीच्या पुढं कुठंतरी, एक ट्रक ओलांडताना तिनं पाय दाबला आणि गाडीनं उचल घेतली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, पुढं बघ.

पुलावर उसाचे ट्रॅक्टर नव्हते. नाणं मी परभणीतूनच हातात धरलं होतं, पर्समध्ये शोधायची वेळ येऊ नये म्हणून. वैशालीनं वेग कमी केला, थांबली नाही, गाडी बंद पडली नाही. मी काच खाली केली आणि टाकलं. कठड्याला लागल्याचा आवाज आला.

परत आल्यावर गफारनं मोजलं. तिसरा एकशे चाळीस. पूर्ण नाही. बाकीच्या तिघांइतका तो आता कधी होणार नाही, असं तो म्हणाला, पण रोज चालवली तर पोरगी शाळेत जाऊन येईल. वैशालीनं उशी सीटला दोरीनं बांधून टाकली. व्यापाऱ्याला तिनंच फोन केला, मी आकडे सांगायला बाजूला उभा होतो, तिनं मला विचारले नाहीत.

आज गुरुवार आहे. सकाळी फोन वाजला तो वैशालीचा. शाळेत पोचले, एवढं सांगितलं आणि ठेवला. मागं घरघर नव्हती. मी तिला काही विचारायच्या आत ठेवला हे बरं झालं, मी आमटीचं विचारलं असतं.

दिलेले पैसे असे. गफार मिस्त्रीला तीन हजार दोनशे, ऑइल, प्लग, औषध आणि मजुरी धरून, वैशालीच्या हातून. नांदेडच्या व्यापाऱ्याला काही नाही. गोदावरीला एक रुपया, तुझ्या नावाचा. पोचला की नाही ते मला खात्रीनं सांगता येत नाही.